पोटातल्या बाळालाही ऊन लागतं

सोलापूर-धुळे महामार्ग आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता बालाघाटाच्या पठारावर जिथे एकमेकांना छेदतात, तो मांजरसुंब्याचा चौक. पुण्याहून जामखेड-पाटोदामार्गे केज-अंबाजोगाईकडे निघालेल्या गाड्या इथून जातात, आणि त्या गाड्यांतून सातवा-आठवा महिना लागलेल्या लेकी माहेरी येतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत शहरात नोकरी करणाऱ्या मुलींनीही सोडलेली नाही. त्यांच्या पिशवीत आता फाइल आणि गोळ्यांबरोबर गुंडाळलेली योगाची चटईही असते. गर्भारपणात योग करायचा असतो हे त्यांनी वाचलेलं असतं, डॉक्टरांनीही सांगितलेलं असतं. काहीजणी तर शहरात तापवलेल्या खोलीतल्या ‘हॉट योगा’च्या वर्गाला जात असतात. दिवस राहिल्यावर त्यांचा साधा प्रश्न असतो: सवय आहे, मग चालू ठेवलं तर काय बिघडलं?

उत्तर आधी सांगते आणि मग कारणांकडे वळते. योग जरूर करावा. तापवलेल्या खोलीतला मात्र करू नये. हा सल्ला फक्त शहरातल्या स्टुडिओपुरता नाही. एप्रिल-मे महिन्यांत बीड जिल्ह्यात पारा चाळीशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात दुपारी बसलेली गर्भवती बाई कुठल्याही वर्गाला न जाता त्याच उष्णतेत असते. म्हणून हॉट योगाबद्दल शास्त्राने जे सांगितलं आहे, ते पुण्या-मुंबईपेक्षा मांजरसुंब्यात जास्त लागू पडतं, आणि चटई न वापरणाऱ्या बाईलाही लागू पडतं.

हॉट योगा हा प्रकार फार जुना नाही. मूळचे कोलकात्याचे बिक्रम चौधरी हे बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. १९७०च्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी आसनं आणि दोन श्वसनप्रकार मिळून २६ प्रकारांचा एक ठरावीक क्रम लोकप्रिय केला. खोलीचं तापमान सुमारे ४०.५ अंश सेल्सिअस, हवेत ४० टक्के आर्द्रता, आणि सत्र दीड तासाचं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने, आसनांच्या अशा क्रमावर कुणाला स्वामित्वहक्क सांगता येणार नाही, असा निकाल दिला. आज या नावाखाली कमी-अधिक तापमानाचे अनेक वर्ग चालतात. अंग लवकर मोकळं होतं, भरपूर घाम येतो, आणि घामावाटे शरीर ‘स्वच्छ’ झाल्यासारखं वाटतं. यातली शेवटची समजूत चुकीची आहे. शरीरातली टाकाऊ द्रव्यं बाहेर काढण्याचं काम मूत्रपिंड आणि यकृत करतात. घाम येतो तो अंग गार ठेवण्यासाठी.

हे गार ठेवणं कसं चालतं, ते समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. भोवतालची हवा त्वचेपेक्षा गार असते तोवर अंगातली उष्णता नुसती हवेत निघून जाते. हवा साधारण ३५ अंशांच्या वर गेली की ती वाट बंद होते आणि शरीराच्या हाती घाम सुकवणं एवढा एकच उपाय उरतो. माठ असाच गार राहतो: पाणी पाझरतं, सुकतं, आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा दमट असली की माठाचं पाणी गार होत नाही, आणि अंगावरचा घामही न सुकता नुसता ओघळतो. ओघळलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता नेत नाही. बीडकडच्या लोकांना हा फरक अनुभवाने माहीत आहे. मे महिन्याच्या कोरड्या उन्हापेक्षा मृगाच्या आधीचे, ढग भरून आलेले पण पाऊस न पडलेले दिवस जास्त जीवघेणे वाटतात. थर्मामीटर कमी दाखवतो, जीव मात्र अधिक घाबरतो. कृत्रिम रीतीने तापवलेली आणि दमट केलेली खोली मे आणि जून दोन्हींना एकत्र आणते.

आता यात बाळ आणून बघू. पोटातल्या बाळाला घाम येत नाही. त्याच्या अंगात तयार होणारी उष्णता बहुतांशी वारेतून आईच्या रक्तात उतरते, थोडी गर्भाशयाच्या भिंतीतून जाते. त्यामुळे बाळाचं तापमान एरवीही आईपेक्षा साधारण अर्ध्या अंशाने जास्त असतं. आईचं रक्त बाळापेक्षा गार आहे तोवरच हा उतार चालतो. आईचं आतलं तापमान चढलं की उतार कमी होतो आणि बाळाची उष्णता बाळातच साठू लागते. आई खोलीबाहेर येऊ शकते, पाणी पिऊ शकते, पंख्याखाली बसू शकते. बाळाला यातलं काहीच करता येत नाही.

आईच्या शरीराचीही त्या काळात वेगळीच धावपळ चालू असते. रक्ताचं प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, हृदयाला दर मिनिटाला जास्त रक्त ढकलावं लागतं, आणि मधल्या महिन्यांत रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा खाली असतो. अशा वेळी उष्णतेत गेलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्त त्वचेकडे वळतं. त्यातच उभ्याने एका पायावर तोल सांभाळायचं आसन असेल तर डोळ्यांपुढे अंधारी येणं अगदी स्वाभाविक आहे. पडलं तर पोटावर पडायची भीती. शिवाय गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल झालेले असतात, त्यात उष्णतेने अंग आणखी सुटतं. एरवी न जमणारा ताण सहज जमतो, त्या वेळी काही दुखत नाही, आणि कमरेच्या किंवा ओटीपोटाच्या सांध्याला झालेली इजा दुसऱ्या दिवशी कळते. पाणी कमी झालं तर गर्भाशय अवेळी आकुंचन पावू लागण्याचीही शक्यता वाढते.

सगळ्यात नाजूक काळ अगदी सुरुवातीचा, आणि नेमका तोच हातून निसटतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन तपासणी करेपर्यंत यातले बरेच दिवस संपलेले असतात. बॉस्टनमधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये वीस हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या काही आठवड्यांत गरम पाण्याच्या टबात बसणाऱ्या स्त्रियांच्या बाळांमध्ये या नळीचे दोष जवळजवळ तिप्पट आढळले. तापानेही धोका वाढलेला दिसला. विजेवर तापणाऱ्या पांघरुणाने तो वाढला नाही, कारण ते पांघरूण शरीराच्या आतलं तापमान फारसं चढवत नाही. मुद्दा बाहेर किती गरम आहे हा नाही. आत किती चढलं, हा आहे. म्हणूनच डॉक्टर ३९ अंश ही रेषा धरतात: गर्भवतीच्या शरीराचं आतलं तापमान तिच्यापुढे जाऊ नये.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. मुळात हा दोष विरळा आहे. विरळ्याची तिप्पट झाली तरी बहुसंख्य बाळं धडधाकटच जन्मतात. दिवस राहिल्याचं माहीत नसताना दोन-चार वर्गांना गेलेल्या मुलीने रात्र-रात्र जागण्याचं कारण नाही. तिने डॉक्टरांना तसं सांगावं, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नये आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराची सोनोग्राफी वेळेवर करावी. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या मुलींनी मात्र पाळी चुकण्याची वाट न बघता आधीच गार खोलीतल्या वर्गात जावं.

फिनलंडमधल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गर्भारपणातही सौना घेतात आणि तिथे हे दोष जास्त नाहीत, मग आम्हीच का घाबरायचं, असा प्रश्न कुणीही विचारील, आणि तो रास्त आहे. उत्तर वेळेत आणि कोरडेपणात आहे. त्या बायका काही मिनिटं बसून बाहेर येतात, हवा कोरडी असते, आणि त्या तिथे व्यायाम करत नाहीत. २०१९ मध्ये क्रीडावैद्यकाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा आढावा आला. त्यात २५ अंश तापमान आणि ४५ टक्के आर्द्रतेत ३५ मिनिटांपर्यंत जोरकस व्यायाम केलेल्या, ४० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटांपर्यंत आणि कोरड्या सौनात वीस मिनिटांपर्यंत राहिलेल्या कुठल्याही गर्भवतीचं तापमान ३९ अंशांपलीकडे गेलेलं आढळलं नाही. थोडक्यात, स्त्रीचं शरीर बरंच सहन करतं. पण ४० अंश, दमट हवा आणि दीड तास आसनं हे तिन्ही एकत्र आले की आपण या सगळ्या मर्यादांच्या कितीतरी बाहेर जातो. तिथे गर्भवतींना ठेवून प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात एका बाजूला आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला आहे, आणि टाळायच्या गोष्टींत हॉट योगाचं नाव स्पष्ट घातलं आहे.

उष्णता काढून टाकली की योगाबद्दल मात्र चांगलंच ऐकू येतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३५ ते ३७ आठवड्यांच्या २५ गर्भवतींकडून २६ आसनं करवून घेतली. आसनं चालू असताना आईची नाडी, रक्तदाब आणि बाळाच्या हृदयाचे ठोके तपासले. कुठल्याही आसनात बाळ संकटात सापडल्याचं दिसलं नाही. आपल्याकडे बेंगळुरूत ३३५ गर्भवतींचा अभ्यास झाला आणि २००५ मध्ये छापून आला. रोज तासभर योग करणाऱ्या गटात कमी वजनाची बाळं चालणाऱ्या गटापेक्षा कमी होती. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे त्यात लक्षात घ्यावं लागतं. तरी दिशा समजते.

महाराष्ट्रात तर यासाठी दूर बघायला नको. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासूनची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ मधलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे, लाकडी विटा आणि खुर्च्या यांचा आधार देऊन आसनं शिकवली, आणि त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या शरीराचा, पाळीपासून बाळंतपणापर्यंतचा, वेगळा विचार केला. या पद्धतीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे आधार. भिंतीला पाठ, मांडीखाली घडी केलेली सतरंजी, छातीखाली लोड. गर्भवतीचं शरीर आधीच कष्ट करत असतं. आसनाने त्याला जागा करून द्यायची असते. आणि हे सामान मांजरसुंब्यातल्या प्रत्येक घरात आहे.

जुन्या ग्रंथांतही उष्णतेची बाजू घेणारं काही सापडत नाही. घेरंडसंहितेत योगाला आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, ग्रीष्मात करू नये असं सांगितलं आहे. चरकसंहितेत स्वेदन कुणाला देऊ नये याची जी यादी येते, तिच्यात गर्भिणी आहे. म्हणजे घाम काढणारा उपचार गर्भवतीला नको, हे दोन हजार वर्षांच्या आसपासचं जुनं ज्ञान आहे. माझ्या मते तापवलेल्या खोलीतला दीड तास हे स्वेदनच आहे. त्याला कुठलंही नाव दिलं तरी शरीराला ते तसंच लागतं.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तो घरोघर आहे. गर्भवतीला पपई नको, तीळ नकोत, ते ‘उष्ण पडतं’, असं आपल्या आज्या सांगत आल्या. पदार्थाचा उष्णपणा आणि शरीराचं थर्मामीटरवर मोजता येणारं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार तीळ खाल्ल्याने आतला पारा ३९ वर जात नाही. दुपारी दोन वाजता पत्र्याखाली चुलीपुढे तास दीड तास भाकरी थापल्याने मात्र तो चढू शकतो. ज्या घरात सुनेच्या ताटातला तीळ निवडून काढला जातो, त्याच घरात तिला भर उन्हात पाण्याला पाठवलं जातं, हे मला सहन होत नाही. काळजी घ्यायची तर ती उन्हाची घ्यायला हवी.

गेल्या काही वर्षांत याचे पुरावे साठत गेले आहेत. २०२० मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा आढावा आला: तापमान एका अंशाने वाढलं की वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी वाढते, उष्णतेच्या लाटेत सोळा टक्क्यांनी. तामिळनाडूत ८०० गर्भवतींचा अभ्यास झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या शेतात, वीटभट्टीवर, मिठागरात अशा उष्ण ठिकाणी कामाला होत्या. गार जागी काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. हे वाचताना बीडच्या कुणालाही ऊसतोड आठवेल. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. उचल आधीच घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यातही बाई मोळी उचलते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती गावी परत येते, म्हणजे फडाजवळच्या कोपीतून, झोपडीतून सुटून थेट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या वेळी तपासलेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. तो प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे. पण त्याचं मूळ तेच: राबणाऱ्या बाईच्या शरीराला विश्रांती नाकारणं.

अशा बाईला कुणी ‘रोज अर्धा तास योग कर’ असं सांगू लागलं तर ती नवल करील, आणि तिचं बरोबर आहे. दिवसभर खुरपणाऱ्या बाईचा व्यायाम झालेला असतो. तिच्या कमरेला ताण हवा तो उलट्या दिशेचा, आणि श्वासाला निवांतपणा. तिच्यासाठी योग म्हणजे दुपारी सावलीत डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी घेऊन वीस मिनिटं पडणं आणि हळू श्वास घेणं. एवढंही तिला मिळायला घरातल्या दुसऱ्या कुणी तरी घागर उचलावी लागते. त्यामुळे हा लेख सासूने आणि नवऱ्यानेही वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता बाळंतपणासाठी आलेल्या लेकीने आसनं करायची कधी आणि कशी? पहिली गोष्ट वेळ. उन्हाळ्यात हवा सर्वांत गार असते ती सूर्य उगवायच्या सुमारास. संध्याकाळी ऊन उतरलं तरी दगडी भिंती आणि पत्रे दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतात, त्यामुळे दिवेलागणीला घरात केलेला योग सकाळपेक्षा बराच गरम पडतो. पहाटे ओट्यावर किंवा अंगणातल्या लिंबाखाली चटई टाकावी. तीस अंशांच्या वर हवा गेलेली असेल, किंवा हवा दमट असेल, तर आसनं अर्ध्यावर आणावीत किंवा त्या दिवशी नुसता श्वासाचा सराव करावा. कूलर असेल तर एक खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत तो दमटपणा वाढवतो. पावसाच्या तोंडाशी तर कूलरचा उपयोग जवळजवळ संपतो, साधा पंखा आणि मोकळी हवा बरी.

करायची आसनं साधी आहेत. हात-पाय टेकून पाठ वर-खाली करायचं मार्जारासन कमरेला फार आराम देतं. भिंतीला टेकून बद्धकोनासन आणि उपविष्टकोनासन, भिंतीला हात लावून ताडासन, खुर्चीवर बसून खांदे-मान मोकळी करणं. पहिल्या तीन महिन्यांनंतर पालथं झोपून करायची आसनं नकोत, पोट दाबणारे पिळे नकोत. विसाव्या आठवड्यानंतर उताणं फार वेळ पडू नये, कारण गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. शवासन डाव्या कुशीवर करावं. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं बंद. भ्रामरी, आणि श्वास न रोखता अनुलोमविलोम, चालतात. उन्हाळ्यात शीतलीही चांगली वाटते. आसन करताना शेजारी बसलेल्या आईशी सलग वाक्यं बोलता आली पाहिजेत. शब्द तुटायला लागले की थांबायचं. ताण पूर्वी जमत होता त्याच्या तीन चतुर्थांशावर थांबवायचा, कारण सैल झालेले सांधे स्वतःहून थांबा म्हणत नाहीत.

पाणी तहान लागायच्या आधीपासून प्यावं. लघवीचा रंग फिका असला तर पाणी पुरतंय, गडद पिवळा झाला तर कमी पडतंय, एवढी खूण पुरेशी आहे. ताक, लिंबू-पाणी, पन्हं ही आपली पेयं उत्तम. साखर वाढलेल्या मुलीने पन्ह्याचा गोडवा आणि रक्तदाब असलेल्या मुलीने मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज आसनांना हातच लावू नये: वार खाली असलेल्या, गर्भपिशवीचं तोंड सैल म्हणून टाका घातलेल्या, रक्तदाब वाढून सूज आलेल्या, अवेळी कळा येऊन गेलेल्या, आणि रक्त फार कमी असलेल्या. शेवटची अट आपल्याकडे हलकी घेतली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असलं की उष्णताही कमी सोसते. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते; तिथे हिमोग्लोबिनचा आकडा विचारून घ्यावा आणि ‘मी योग करते, घर पत्र्याचं आहे’ हे आपणहून सांगावं. घर पत्र्याचं असणं ही वैद्यकीय माहिती आहे. ती कुणी विचारत नाही, म्हणून सांगावी लागते.

उन्हाचा त्रास सुरू झाल्याची चिन्हं ओळखता आली पाहिजेत: डोकं ठणकणं, मळमळ, गरगरणं, पायात गोळे, छातीत धडधड. अशा वेळी सावलीत डाव्या कुशीवर झोपवावं, कपडे सैल करावेत, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवून वारा घालावा, ओआरएसचं पाणी घोट-घोट द्यावं. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपू लागली किंवा अंग भाजल्यासारखं तापलं तर तोंडात काही ओतू नये. अंगावर पाणी मारत राहून १०८ ला फोन करावा. रक्त जाणं, पाणी जाणं, पोट वारंवार कडक होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. मांजरसुंब्याहून नेकनूरचं सरकारी रुग्णालय जवळ आहे, बीडचं जिल्हा रुग्णालय घाट उतरून, आणि गुंतागुंत असेल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. कुठे जायचं आणि गाडी कुणाची, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावं.

घर गार ठेवण्यासाठी फार खर्च लागत नाही. पत्र्याला वरून पांढरा चुना मारला तर खोली बरीच कमी तापते. पत्र्याखाली तट्ट्या किंवा साड्यांचं छत, खिडकीला ओलं पोतं, चूल घराबाहेरच्या छपरात, आणि स्वयंपाक दिवस चढायच्या आत. ऐन दुपारी, बारा ते चार, गर्भवतीने चुलीपुढे नसावं आणि शेतातही नसावं.

बाळंतपणानंतर हॉट योगा पुन्हा कधी सुरू करायचा, हा प्रश्न शहरातून आलेली मुलगी विचारतेच. टाके भरले, रक्तस्राव थांबला आणि डॉक्टरांनी होकार दिला की साधा योग आधी. तापवलेली खोली अंगावर पाजत असताना तरी लांबणीवर टाकावी, कारण दुधासाठी लागणारं पाणी घामात जातं आणि सैल झालेले सांधे काही महिने तसेच राहतात. त्याच सुमारास घरात शेक-शेगडीची तयारी चालू असते. कमरेला ऊबदार कापडाचा शेक बाईला बरा वाटतो, तो घ्यावा. निखाऱ्यांची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवू नये, धुराने आणि विषारी वायूने माय-लेकरू दोघांनाही धोका असतो. आणि मे महिन्यात जन्मलेल्या बाळाला दुपट्यांच्या चार घड्यांत गुंडाळून ठेवू नये. नवजात बाळाला अंगातली उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही. त्याची छाती आणि पाठ हाताला गरम लागली, आणि पायही गुलाबी-उबदार असले, तर बहुधा ते कपड्यांनी तापलेलं असतं. एक दुपटं काढावं, अंगावर पाजावं आणि अर्ध्या तासाने पुन्हा हात लावून बघावं. तरीही अंग गरमच असेल, किंवा बाळ नीट ओढत नसेल, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावं.